मधला खण

आपल्या घरांतली कपाटं उघडून पाहिली, तर एक गोष्ट हमखास दिसते. उभ्या-उभ्या हाताला येणारा, डोळ्यांसमोरचा खण वर्षातून एकदा-दोनदा बाहेर निघणाऱ्या कपड्यांना दिलेला असतो. लग्नातला शालू, पैठणी, कुणाच्या मुंजीत मानाची म्हणून आलेली आणि अजून फॉलही न लागलेली साडी, सगळ्या नीट मलमलीत गुंडाळून ठेवलेल्या. आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस जे कपडे अंगावर घालून आपण पोटापाण्यासाठी बाहेर पडतो, ते मात्र मिळेल त्या जागी असतात. खालच्या खणात कोंबलेले, दाराच्या आतल्या हुकाला एकावर एक टांगलेले, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले, नाहीतर इस्त्रीवाल्याकडून आलेल्या गाठोड्यात तसेच बांधलेले. सकाळी पावणेआठला त्या गाठोड्यातून हव्या त्या ब्लाउजचा शोध सुरू होतो आणि दिवस सुरू व्हायच्या आधीच विस्कटतो.

ही मांडणी उलटी आहे, असं मला फार मनापासून वाटतं. कामाच्या कपड्यांना कपाटात पहिला मान मिळायला हवा. हे मी बँकेतल्या नोकरीत, बदल्यांच्या गावी, भाड्याच्या घरांत शिकले. दर बदलीला कपाट रिकामं करावं लागतं आणि नव्या घरात पुन्हा लावावं लागतं. रिकाम्या कपाटासमोर उभं राहिलं, की कुठल्या खणात काय जाणार हा प्रश्न पुन्हा नव्याने पडतो.

उलट्या मांडणीचं एक कारण खुद्द कपाटातच आहे. लोखंडी कपाट कुठल्याही कंपनीचं असो, आपण त्याला गोदरेजचं कपाट म्हणतो. गोदरेजने 1897 मध्ये सुरुवात केली ती कुलपांपासून. मग तिजोऱ्या आल्या आणि 1923 मध्ये लोखंडी कपाट आलं. म्हणजे हे कपाट तिजोरीच्या घराण्यातलं. फिरवायची मूठ, आतला चोरकप्पा, वाळवीला आणि उंदराला दाद न देणारा पत्रा, हे सगळं राखण करण्यासाठी आहे. लग्नात मुलीला असं कपाट द्यायची पद्धत पडली, तीही तिचं जे काही मोलाचं ते त्यात सुरक्षित राहावं म्हणून. रोज सकाळी घाईने काहीतरी काढायचं आणि रात्री परत ठेवायचं, हे काम त्या कपाटाला कुणी नेमून दिलेलंच नव्हतं. बायका नोकरीला लागल्या, पण कपाट लावायची रीत दागिन्यांच्या काळातलीच राहिली.

माझ्या आईची गोष्ट वेगळी होती, कारण तिच्याकडे बरीच वर्षं कपाटच नव्हतं. ती सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवायची. घरात पत्र्याची ट्रंक होती आणि भिंतीला आडवी दांडी. ट्रंकेत ठेवणीतलं: तिची नारायणपेठ, वडिलांचा लग्नातला कोट, वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. दांडीवर शाळेच्या साड्या. त्या दांडीवर तिचा आठवडा उलगडलेला असायचा. धुतलेली डाव्या टोकाला, उद्याची उजव्या टोकाला, तिच्याच खाली परकर आणि ब्लाउज. इस्त्री नव्हती. पितळेच्या तांब्यात चुलीतले निखारे घालून ती पदराच्या आणि काठाच्या चुण्या मोडायची. बाकीची साडी घडी घालून रात्रभर गादीखाली. सकाळी ती घडी अशी बसलेली असायची की निऱ्या एका दमात पडायच्या. कपडे थोडे होते म्हणून तिला हे जमलं, असं कुणी म्हणेल. पण थोडे कपडे असूनही रोज गोंधळ घालणारी माणसं मी पाहिली आहेत. आईचं वैशिष्ट्य हे की तिने शाळेच्या साडीला घरातली सगळ्यात सोयीची जागा दिली होती. ट्रंक खाटेखाली ढकललेली असायची आणि दांडी हाताशी असायची.

आपल्याकडे कपड्यांच्या तीन पायऱ्या पूर्वीपासून आहेत: ठेवणीतले, बाहेर घालायचे आणि घरात घालायचे. कपडा आयुष्यभर या पायऱ्या उतरत जातो. लग्नात घेतलेली साडी काही वर्षांनी कामावर नेसली जाते, मग घरात, मग तिची गोधडी होते किंवा बोहारणीकडे जाऊन तिच्या बदल्यात स्टीलचा डबा येतो. या उतरणीत शहाणपण आहे, काटकसर आहे. पण तिच्यात एक खोट आहे. कामाच्या वाट्याला बहुतेक वेळा वरून उतरलेलं येतं. समारंभासाठी घेतलेलं, हौस फिटल्यावर, रंग उडायला लागल्यावर कामावर. कामासाठी म्हणून, कामाचा विचार करून कपडा घेणं आपल्याला अजून थोडं उधळपट्टीचं वाटतं. दिवाळीला साडी घेतो, पाडव्याला घेतो, भाचीच्या लग्नाला घेतो. वसुलीच्या दौऱ्यासाठी साडी घेतली, असं मात्र कुणी सांगत नाही.

वसुलीच्या दौऱ्याचं उदाहरण मुद्दाम दिलं. रत्नागिरीला असताना शेतीकर्जाच्या पाहणीसाठी हापूसच्या बागांमध्ये जावं लागायचं. बागा डोंगरउतारावर, वाटा जांभ्या दगडाच्या. त्या चिऱ्याची तांबडी माती एकदा काठाला लागली की साबणाला ऐकत नाही. पांढऱ्या, फिक्या काठांची साडी एका दौऱ्यात कायमची नारिंगी होते. तिथल्या शाळा-कचेऱ्यांत जाणाऱ्या बायका विटकरी, तपकिरी, गर्द मरून काठांच्या साड्या का निवडतात, हे मला त्या बागांमध्ये उमगलं. आवडीनिवडीचा भाग त्यात असेलही, पण मातीने निम्मं ठरवलेलं असतं.

आणि पाऊस. जूनच्या तोंडावर कोकणात आगोटीची गडबड सुरू होते. पावसाळ्यापुरतं धान्य, सुकी मासळी, लाकूडफाटा घरात भरून ठेवतात. आमच्या घरमालकीण काकू त्याच झपाट्यात एक दिवस दारात येऊन म्हणाल्या, ‘‘मॅडम, सुती साड्या आता बांधून वर टाका. गणपतीत ऊन पडलं की काढा.’’ मला तोवर वाटायचं की पावसाळ्यात छत्री घेतली की झालं. काकूंचं म्हणणं किती शास्त्रशुद्ध होतं ते जुलैत कळलं. कापूस आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा नुसत्या हवेतून पोटात घेऊन बसतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. रत्नागिरीच्या जुलैत हवा ओलाव्याने इतकी भरलेली असते की घरात दोरीवर टाकलेली सुती साडी तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागते, आणि चौथ्या दिवशी तिला कुबट वास येतो. तिला खळ केलेली असेल तर आणखी वाईट, कारण बुरशीला पीठ आवडतं आणि कसरीलाही. म्हणून तिथे पावसाळाभर सिंथेटिक साड्या आणि पातळ जॉर्जेटचे कुडते. पदर पिळला, फटकारला, पंख्याखाली टाकला की सकाळी तयार.

काकूंनी आणखी एक शिकवलं: साडीत टाचणी राहू द्यायची नाही. समुद्रकाठच्या हवेत साधी सेफ्टी पिन आठवड्यात गंजते आणि खांद्यावर तांबूस ठिपका सोडून जाते, तो कुठल्याही धोब्याच्या हातून जात नाही. पितळी पिना मिळत, त्या आम्ही वापरायचो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवायचं, म्हणजे मागच्या भिंतीची ओल पत्र्याला धरत नाही. उन्हाची एक तिरीप आली तरी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडायची. कपाट लावणं म्हणजे नुसत्या घड्या घालणं नव्हे, त्यात हवा खेळती ठेवणंही आलं, हे मी त्या गावात पक्कं शिकले.

मुंबईला बदली झाली तेव्हा माती नव्हती, पण लोकल होती. डोंबिवलीहून सीएसएमटी, पन्नासेक किलोमीटर, सकाळच्या गर्दीत. 1992 मध्ये पश्चिम रेल्वेवर चर्चगेट आणि बोरिवलीच्या दरम्यान पहिली महिला विशेष लोकल धावली, पण बहुतेकींच्या वाट्याला आजही नेहमीच्या गाडीचे बायकांचे डबेच येतात. त्या डब्यात साडीची निरी दुसरीच्या चपलेखाली जाते, ओढणी तिसरीच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकते. मुंबईच्या नोकरदार बायकांनी साडी सोडून कुडता का धरला याच्यावर पुष्कळ बोललं जातं, संस्कृती आणि बदलता काळ वगैरे. माझ्या मते याचं निम्मं उत्तर डब्याच्या दारात आहे. दोन हात मोकळे लागतात आणि पाय उचलता यावा लागतो.

म्हणून कामाचा कपडा निवडताना मी आता तो कसा दिसतो हे नंतर पाहते. आधी पाहते की तो माझ्याकडून काय मागतो. धुतल्यावर वाळायला किती वेळ, इस्त्री दर वेळी की दोन नेसण्यांत एकदा, खळ लागते का, पावसात चालेल का, दिवसभर बसून उठल्यावर मागे किती चुरगळतो. दुकानात यातलं कुणी सांगत नाही. किमतीची चिठ्ठी लावलेली असते, पण त्या साडीला पुढची पाच वर्षं आपल्या रविवारच्या किती दुपारी द्याव्या लागतील ते लिहिलेलं नसतं. खादी मला प्रिय आहे. पण खादीचा कुडता दर धुण्याला खळ आणि कडक इस्त्री मागतो. म्हणून तो मी त्या आठवड्यांत घालते, ज्या आठवड्यांत त्याला वेळ देता येतो. महेश्वरीचं उलट. रेशमी ताणा आणि सुती बाणा, त्यामुळे हलकी, पटकन बसणारी, आणि तिचा खास काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला, म्हणून साडी उलटून नेसता येते. एका बाजूला शाईचा डाग पडला, तर दुसरी बाजू वर. बँकेत शिक्क्याच्या शाईपासून कुणाची सुटका नाही, तिथे हे फार मोठं सुख आहे.

इंग्रजी मासिकांत नेमक्या, थोड्या कपड्यांचं कपाट अशी एक कल्पना फार चालते. न्यूयॉर्कच्या डोना कॅरनने 1985 मध्ये सात कपड्यांचा एक संग्रह काढला होता. एकमेकांत अदलाबदल करून नोकरदार बाईचा आठवडा निभावेल असा. कल्पना चांगलीच आहे. पण ती जॅकेट, स्कर्ट, पॅण्ट यांच्या हिशोबाने रचलेली, आणि आपल्याकडे तशीच उचलली तर गाडी साडीपाशी अडते. साडीच्या जगात कळीचा कपडा ब्लाउज आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींकडे साड्या भरपूर आहेत आणि नेसायला काही नाही, कारण प्रत्येक साडीला तिच्याच कापडातला ब्लाउज. तो आखूड झाला, उसवला, घट्ट झाला, की साडी घरी बसते. आईच्या पिढीला हे बरोबर कळलं होतं. काळा, गर्द लाल, बाटलीचा हिरवा, मोतिया असे चांगल्या कापडाचे, नीट मापाचे ब्लाउज, आणि त्यांच्यावर वाट्टेल त्या साड्या. आज मी कपाटाचा विचार ब्लाउजपासून सुरू करते. एक इरकलचा, एक काळ्या खणाचा, एक साधा मोतिया रंगाचा. प्रत्येकाला शिवणीत भरपूर माया ठेवायला सांगते, कारण शरीर बदलतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगल्या बेतलेल्या एका ब्लाउजने पाच साड्या पुन्हा कामाला लागतात. नवी साडी घेऊन एकच वाढते.

दुसरी गोष्ट खिशाची. आमच्या शाखेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांच्या ताब्यात असतात. एकाची किल्ली लागून दार उघडत नाही, दोघांनी मिळून उघडावं लागतं. माझ्याबरोबरचे साहेब आपली किल्ली पॅण्टच्या खिशात घालून दिवसभर निर्धास्त हिंडायचे. मी पर्समध्ये ठेवायचे आणि पर्स खांद्याला लटकवून काउंटर ते कॅबिन, कॅबिन ते जेवणाची खोली अशी फिरायचे. ज्या बाईच्या हवाली अख्खी तिजोरी केली आहे, तिच्या कपड्यात किल्लीपुरती जागा नाही! तयार कुडत्यांना एक तर खिसे नसतात, नाहीतर दोन बोटं मावतील एवढे असतात. आता मी कापड घेऊन शिवते. उजव्या बाजूच्या शिवणीत, मनगटापर्यंत हात जाईल एवढा खोल खिसा, आतून जाड मांजरपाटाचा, तोंडाशी चपटं बटण. साडीच्या दिवसांसाठी परकराच्या नेफ्याखाली तसाच खिसा लावून घेतला आहे. परकराचं कापडही त्यासाठी जाड पॉपलिन. तो खिसा शिवून आला त्या दिवशी किल्ली आत टाकून, बटण लावून, मी दोन्ही हात मोकळे सोडून काउंटरमागे उभी राहिले. नोकरीत माझ्या सोयीची एवढी नेमकी काळजी त्या आधी कशातच घेतली गेली नव्हती.

आठवड्याची आखणी मी रविवारी संध्याकाळी करते. तेव्हा समोर आधी बँकेचं कॅलेंडर ठेवते, कपाट मागाहून उघडते. महिन्याचा पहिला आठवडा असेल तर पेन्शनरांची गर्दी. नोव्हेंबर असेल तर हयातीच्या दाखल्यांसाठी वयस्क मंडळींची रीघ. त्या दिवसांत पुन्हा पुन्हा उठावं लागतं, कुणाला हात देऊन खुर्चीत बसवावं लागतं, पदर सतत सावरत बसणं परवडत नाही. म्हणून कुडता, सुती, बाह्या कोपरापर्यंत. बाहेरच्या पाहणीचा दिवस असेल तर गडद काठ आणि बंद बूट. ऑडिटर येणार असतील, विभागीय कार्यालयात बैठक असेल, तर नारायणपेठ किंवा मंगळगिरी. त्या दिवशी मला भारदस्त दिसायचं असतं आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. कपड्याने माणसाचं काम सुधारत नाही, पण ठाम बोलायची वेळ असते तेव्हा खांद्यावर नीट बसलेला पदर पाठ ताठ ठेवायला मदत करतो.

मग प्रत्येक दिवसाचं एकेक गाठोडं. साडी, तिच्यात ब्लाउज, त्यात परकर, एकत्र घडी. पण या आखणीतला खरा वेळ जुळवण्यात जात नाही, दुरुस्तीत जातो. सकाळ बिघडते ती निवड चुकल्यामुळे क्वचितच. हुक तुटलेला असतो, परकराची नाडी आत गेलेली असते, फॉलची कड टाचेपाशी उसवून तिच्यात अंगठा अडकतो. या गोष्टी रविवारी निवांत पाच मिनिटांच्या असतात आणि सोमवारी सकाळी डोळ्यांत पाणी आणतात. म्हणून सुईदोऱ्याचा डबा, हुक, जादा नाड्या हे सगळं शिवणाच्या पेटीतून काढून मी कामाच्या कपड्यांच्या खणातच ठेवलं आहे. तो खण मधला. पूर्वी जिथे शालू असायचा तो. धुऊन आलेलं डावीकडून आत जातं, उद्याचं उजवीकडून बाहेर निघतं, आईच्या दांडीवर व्हायचं तसंच. दोन-तीन महिने एखादी घडी हललीच नाही, की तिच्यात काहीतरी अडचण आहे हे ओळखायचं. ती दुरुस्त करायची, नाहीतर साडी दुसऱ्या कुणाला द्यायची.

पुन्हा पुन्हा तेच नेसण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण बायकांची निम्मी धास्ती तिथे आहे. ‘परवा हीच नेसली होतीस ना?’ हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, तरी टोचतो. ऑस्ट्रेलियात चॅनल नाइनवर सकाळचा कार्यक्रम सादर करणारे कार्ल स्टेफानोविक यांनी एक वर्षभर जवळपास रोज तोच निळा सूट घातला. आपल्या सहकारी बाईच्या कपड्यांवर रोज शेरे येतात आणि आपल्याकडे कुणी पाहतही नाही, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. 2014 मध्ये त्यांनी ते स्वतः जाहीर केलं, तोवर प्रेक्षकांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्या शाखेतही वेगळं काही घडत नाही. साहेबांच्या आकाशी शर्टाची वर्षभरात कुणी मोजदाद करत नाही. मी ठरवून टाकलं आहे की चांगला, स्वच्छ, मापात बसणारा कपडा मी दर आठवड्याला घालीन. सोमवारची निळी महेश्वरी आता ग्राहकांच्याही ओळखीची झाली आहे. एक आजी तर लांबून त्या साडीवरून मला ओळखतात, चष्मा न लावता.

सरकारी हुकूमही मधूनमधून येत असतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स-टीशर्ट नको आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी घाला असं सांगितलं. मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठी आदेश निघाला. बाईंनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कुडता, सरांनी शर्ट आत खोचून पॅण्ट. नीटनेटकेपणाचा आग्रह मला पटतो, कामाच्या जागेचा मान राखायलाच हवा. पण अशा कागदांवर कपड्याचं नाव असतं, त्याच्यामागची मेहनत नसते. तालुक्याच्या शाळेत सकाळी सातच्या एसटीने जाणाऱ्या शिक्षिकेला साडी सुचवताना ती कोण धुणार, कुठे वाळणार, इस्त्री किती वाजता होणार, याचा विचार कुणीतरी करायला हवा. माझी आई हा हिशोब निखाऱ्यांच्या तांब्याने सोडवत होती. तिच्या रात्रीच्या त्या अर्ध्या तासाची नोंद शाळेच्या कुठल्याही हजेरीपटात नाही.

आणि ठेवणीतलं? ते मी वरच्या खणात हलवलं, जिथे स्टूल घ्यावं लागतं. त्याची देखभाल कमी केलेली नाही. जरीत चांदी असते आणि चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. म्हणून सुती कापडात गुंडाळायचं, प्लॅस्टिकमध्ये नाही. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटू द्यायच्या नाहीत. दसऱ्याच्या आसपास उन्हं कोरडी झाली की घड्या उलगडून सावलीत वारा द्यायचा आणि घडीची रेघ बदलायची, नाहीतर रेशीम त्याच रेघेवर चिरतं. आईची नारायणपेठ तिथेच होती. गेल्या दसऱ्याला घडी मोडायला काढली आणि परत वर ठेवली नाही. काठ शाबूत आहे, पोत नरम झाला आहे, काळ्या खणाच्या ब्लाउजवर ती सुरेख दिसते. ऑडिटच्या शेवटच्या दिवशी मी ती नेसून गेले. ठेवणीतली साडी कामावर उतरली, पण या वेळी तिची हौस फिटली म्हणून किंवा रंग उडाला म्हणून नव्हे. तो दिवस तिच्या तोलाचा होता म्हणून.

शाखेत नुकतीच रुजू झालेली लातूरची एक मुलगी आहे, प्रोबेशनवर. पहिला पगार झाला तेव्हा तिने विचारलं, ‘‘ताई, चार चांगल्या साड्या घेऊ का? आई म्हणते, ऑफिसला बऱ्या दिसतील अशा घे.’’ मी तिला म्हटलं, साड्या दोनच घे, आधी ब्लाउज शिव. तुझी पहिली पोस्टिंग कुठे पडेल ते माहीत नाही, विदर्भात पडली तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत मलमलीशिवाय काही अंगावर सहन होणार नाही आणि कोकणात पडली तर तीच मलमल पावसाळ्यात वाळणार नाही. गाव कळल्यावर तिथल्या शाळेतल्या बाई काय नेसतात ते बघ आणि मग घे. तिने वहीत लिहून घेतलं. मग जरा थांबून विचारलं, ‘‘खिशाचं काय म्हणत होता तुम्ही?’’

शनिवारी तिला आमच्या टेलरकाकांकडे घेऊन जाणार आहे. दिवाळी जवळ आली की ते ऑर्डरी घेणं बंद करतात, म्हणून घाई करायला हवी. तिचे दोन ब्लाउज, एक काळा, एक मोतिया, शिवणीत दीड इंच माया. तिच्या दोन कुडत्यांना माझ्यासारखेच मांजरपाटाचे खिसे. आणि माझा बाटली-हिरव्या रंगाचा ब्लाउज बाहीत घट्ट होतो आहे, तो उसवून सैल करायचा आहे.